टाळ, तवा आणि शेवटचा हात



शताब्दीच्या निमित्ताने दिंडीची जुनी लोखंडी पेटी उघडली, तेव्हा तिच्यातून विण्याची खोळ निघाली, भिशीच्या वह्या निघाल्या, कोणाची तरी फुटक्या काचेची चाळिशी निघाली आणि एक पुठ्ठ्याचा चौकोनी डबा निघाला. डब्यात टेपचे पाच इंची स्पूल होते. वर पेन्सिलीने लिहिले होते, 'हरिपाठ, गजर, समाजआरती. तरडगाव तळ. १९७४.' अक्षर माझेच. त्या साली मी बावीस वर्षांचा होतो. मुंबईत एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत नुकताच लागलो होतो आणि साहेबांच्या विनवण्या करून सेलवर चालणारे मशीन वारीपुरते मागून आणले होते.

आपल्या तरुण मंडळींनी उत्साहाने ते स्पूल शहरात नेले, संगणकावर चढवले, साफ केले आणि बैठकीत मोबाईलवर ऐकवले. विणेकरी बाबांचा आवाज स्वच्छ आला. पन्नास वर्षांनी तो आवाज ऐकून दोघा-तिघांनी डोळे पुसले. मृदंगही ठीक होता. पण टाळ कुठे होते? त्या संध्याकाळी तळावर आपले चाळीस टाळकरी उभे होते. मोबाईलमधून मात्र लांब कुठेतरी कोणी चमचे हलवतोय असा आवाज येत होता. पोरांची चूक नाही. त्यांनी संगणकाला टेपची खरखर काढायला सांगितले होते आणि त्याला खरखर कुठे संपते आणि टाळ कुठे सुरू होतो ते समजले नाही.

मी तोंड वासून बसलो, कारण हीच चूक चाळीस वर्षांपूर्वी मी स्वतः, दोन कान शाबूत असताना, हाताने केली होती. ती गोष्ट पुढे येईल. संपादक मंडळी म्हणाली, "काका, हे असं का होतं ते स्मरणिकेत लिहा." म्हणून हा लेख. थोडा यंत्रांचा इतिहास आहे, पण वाचताना टाळाकडे लक्ष ठेवा म्हणजे कंटाळा येणार नाही.

आधी शब्द समजून घेऊ. गाणाऱ्याने गायले, वाजवणाऱ्याने वाजवले, मुद्रण झाले. आता ते तव्यावर किंवा कॅसेटवर छापायला जाण्याआधी एक माणूस ते सगळे पुन्हा ऐकतो. कुठे खर्ज जास्त झाला, कुठे टीप बोचते, एक अभंग मोठा आणि पुढचा बारीक आहे का, हे बघून तो शेवटचा हात फिरवतो. या कामाला मास्टरिंग म्हणतात. त्याच्यानंतर कोणी काही करू शकत नाही. तो जे ठेवील ते हजार प्रतींत राहते आणि जे काढील ते हजार प्रतींतून जाते.

सुरुवातीला हा हात नव्हताच. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला, त्यानंतर दहा वर्षांनी एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा माणूस कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहर जान यांचे गाणे मेणाच्या तबकडीवर घेतले. वीज नाही, मायक्रोफोन नाही. भिंतीतून एक कर्णा बाहेर आलेला, त्यात तोंड घालून गायचे. कर्ण्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरते मेण. गळ्यातल्या जोराने सुई हलायची तेवढेच कोरले जायचे. ती मेणे जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिकडून छापलेले तवे परत यायचे. गौहर जान गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. तिकडच्या कामगारांना नाव कळावे म्हणून ती पद्धत होती असे सांगतात.

त्या कर्ण्याला मधला थोडासा पट्टा ऐकू यायचा. मृदंगाच्या डाव्या पुडीचा घुमारा त्याच्या खाली राहायचा आणि टाळाची खणखण त्याच्या वरून निघून जायची. म्हणजे आपल्या दिंडीतून फक्त गळे उरायचे. आणि वेळ किती, तर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. आपल्याकडे एक अभंग रंगला तर चाल बदलत बदलत दोन मैल जातो. तव्यावर बसवायचा तर धावपळ करूनच बसवावा लागे.

तवा कशाचा होता हे मात्र सांगितलेच पाहिजे, कारण ते आपल्याच रानातले आहे. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात. ती लाख शुद्ध करून, तीत दगडाची पूड आणि काजळी मिसळून तवे दाबत. छोटा नागपूरच्या जंगलातली लाख जगभर जाई. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला तव्यांचा कारखाना निघाला, पुढे तो दमदमला गेला. दुसऱ्या महायुद्धात लाख मिळेना, तेव्हा परदेशात लोकांकडून जुने तवे गोळा करून, दळून, त्यांचेच नवे तवे केले. किती गळे त्या चक्कीत गेले कोणास ठाऊक. लाखेचा तवा हातातून पडला की खापरासारखा फुटतो. आमच्या वाड्यावरचे चार असेच गेले, त्यातले दोन माझ्या हातून.

१९२५ साली गोष्ट पालटली. अमेरिकेत मायक्रोफोन आणि व्हॉल्व्हच्या जोरावर विजेचे मुद्रण सुरू झाले. आता गळा आणि सुई यांच्यामध्ये तार आली. तार आली की तिच्या वाटेत काहीतरी बसवता येते, आवाज लहान-मोठा करता येतो, खर्ज काढता येतो, टीप वाढवता येते. शेवटचा हात इथे जन्माला आला असे मी मानतो.

तो हात कशासाठी लागला, ते शेतकऱ्याला चटकन कळेल. तव्यावर सुई फिरते तेव्हा जे कोरले जाते ते सरी-वरंब्यासारखे असते. सरी म्हणजे सुईची वाट आणि दोन सऱ्यांच्या मधला वरंबा म्हणजे भिंत. आवाज असेल तशी सरी डावी-उजवीकडे नागमोडी जाते. खर्जाचा आवाज सुईला लांब झोका देतो. मृदंगावर जोरात थाप पडली की सरी एवढी वळते की शेजारचा वरंबा फोडून पलीकडच्या सरीत घुसते. मग ऐकणाऱ्याची सुई उडी मारते. हे टाळायला सऱ्या लांब लांब घ्याव्यात, तर रान पुरत नाही, मिनिटे कमी होतात. टिपेचा आवाज उलटा. त्याचे नागमोड अगदी बारीक, केसापेक्षा बारीक, आणि तव्याच्या स्वतःच्या खरखरीत ते बुडून जाते.

यावर उपाय निघाला तो फार हुशारीचा. कोरताना खर्ज मुद्दाम कमी करायचा, टीप मुद्दाम वाढवायची आणि घरी वाजवताना यंत्राने बरोबर उलटे करायचे. खर्ज परत येतो. टीप खाली येते आणि तिच्याबरोबर तव्याची खरखरही खाली येते. प्रत्येक कंपनीचे या कमी-जास्तीचे माप वेगळे होते. १९५४ साली अमेरिकेत एकच माप ठरले आणि मग ते जगभर चालू झाले. मधल्या सुरांच्या मानाने अगदी खालचा खर्ज सुमारे दहापट कमी आणि अगदी वरची टीप सुमारे दहापट जास्त, असे ते माप. कोणाच्या घरी १९४० च्या आसपासचे भजनाचे तवे असतील आणि आजच्या यंत्रावर ते चोंदल्यासारखे किंवा किरकिरे वाजत असतील, तर दोष गाणाऱ्याचा नसावा. माप जुळत नाही.

आता टाळ आणा. काशाचा जड टाळ एकमेकांवर पडला की त्यातून जो आवाज निघतो त्यात टिपेचा भाग मुबलक. तो आधीच तीक्ष्ण, त्यात कोरताना त्याला आणखी काही पटीने वाढवायचे. कोरणाऱ्या सुईला हलवणारे तारेचे छोटे वेटोळे असते. टिपेचा मारा सतत चालू राहिला की ते वेटोळे तापते, आणि तापत तापत जळून जाते. ते यंत्र इतके महाग की पुढच्या काळात काही ठिकाणी त्याला थंड ठेवायला हेलियम वायू सोडत. ते जळण्यापेक्षा टाळ कमी करणे स्वस्त पडते. जगभर सगळ्या कोरणाऱ्यांनी झांजा, घुंगरू आणि गाणाऱ्याचा 'स' यांच्याबाबतीत हेच केले. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते साहेब म्हणत, "भजनवाल्यांना सांगा, टाळ एकच जोडी आणा आणि ती पण दाराजवळ उभी करा." तेव्हा मला ते उद्धट वाटे. पुढे कारण कळले, तरी थोडे उद्धट वाटतेच.

मृदंगाला मात्र तव्याने मान दिला आहे, तेही नोंदवतो. १९५८ च्या सुमारास दोन कर्ण्यांचे, म्हणजे स्टिरिओचे, तवे बाजारात आले. त्यात डाव्या-उजव्या बाजूचा आवाज सरीच्या दोन भिंतींवर कोरतात. खर्ज एकाच बाजूला टाकला तर सुई वर-खाली होऊ लागते आणि सरीतून बाहेर येते. म्हणून खर्जाचे वाद्य मधोमध ठेवायचे असा दंडक पडला. आपल्या दिंडीत दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा आणि मृदंगी मध्ये. यंत्रवाल्यांना जे ठेचा खाऊन कळले, ते आपल्याकडे आधीच मांडून ठेवलेले होते. (हा योगायोग आहे, मी त्यातून काही सिद्ध करत नाही.)

टेप ही जर्मनीतली. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन लोकांनी पाहिला आणि महायुद्धानंतर अमेरिकेत तसली यंत्रे होऊ लागली. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस फेरे आणि एक तृतीयांश असा सावकाश फिरणारा प्लॅस्टिकचा लाँग प्ले तवा आणला. एका बाजूला वीस मिनिटांच्या वर. या दोन गोष्टींमुळे काम दोन घरांत वाटले गेले. मुद्रण टेपवर एका खोलीत, आणि टेपवरून तवा कोरणे दुसऱ्या खोलीत. कोरण्याच्या खोलीत पुष्कळदा शिकाऊ पोरे बसवत. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत जेफ एमरिक हा मुलगा आधी तवे कोरत होता आणि १९६६ साली तिथून उठून तो बीटल्स मंडळींच्या मुद्रणाला बसला. आधी तव्याचे दुखणे ओळखायचे, मग गाण्याला हात लावायचा, असा तो क्रम. मला हा क्रम पटतो.

त्या खोलीतली हत्यारे सांगतो. यांनाच आज अॅनालॉग हार्डवेअर म्हणतात आणि त्यांच्या किमती ऐकून भोवळ येते. १९५१ च्या सुमारास अमेरिकेत पुलटेक नावाचा इक्वलायझर निघाला. निळसर पत्र्याची पेटी, मोठी गोल बटणे. आवाजाचे गाळणे साध्या वेटोळ्यांचे आणि त्यात जो जोर कमी होतो तो व्हॉल्व्ह भरून देतो. त्यात खर्ज वाढवायचे एक बटण आणि तोच खर्ज कमी करायचे दुसरे. दोन्ही एकदम फिरवू नका अशी सूचना होती असे म्हणतात. कामकऱ्यांनी अर्थातच फिरवून पाहिली. तेव्हा कळले की अगदी खालचा घुमारा वाढतो आणि त्याच्या जरा वरचा गढूळपणा निघून जातो. कणीक लावलेल्या पुडीसाठी याहून चांगले औषध मी पाहिले नाही.

दुसरे हत्यार लिमिटर. ठरलेल्या रेघेच्या वर आवाज गेला की तो त्याला खाली दाबतो आणि आवाज उतरला की सोडतो. दर्शनबारीत दोर धरून उभा असलेला स्वयंसेवक असतो तसा. १९५९ साली रेन नार्मा या एस्टोनियात जन्मलेल्या कारागिराने फेअरचाइल्ड ६७० नावाचा लिमिटर उभा केला. त्यात २० व्हॉल्व्ह, वजन साधारण ३० किलो, दोन माणसांनी उचलायचा. तो मुळात तवा कोरण्यासाठीच केला होता. सरीच्या आडव्या आणि उभ्या हालचालीला वेगवेगळा आवर घालता येईल अशी सोय त्यात आहे. तिसरा एक लिमिटर उजेडावर चालतो. आवाज मोठा झाला की आत एक छोटा पत्रा उजळतो आणि त्याच्यासमोरची उजेड पारखणारी चकती आवाज कमी करते. उजेड विझायला क्षणभर लागतो, म्हणून आवाजही हळूच वर येतो, झटक्याने नाही. गळ्यासाठी हा फार मायाळू.

आणि मग प्रत्यक्ष कोरायचे यंत्र. बर्लिनच्या नॉयमन कंपनीची यंत्रे नावाजलेली. अॅल्युमिनियमच्या तबकडीवर लाखेसारखा मऊ लेप, त्यावर तापवलेली रत्नाची सुई. कोरताना सुईखालून केसासारखा काळा धागा निघतो, तो पंप ओढून घेतो. धागा भयंकर पेट घेणारा. त्या लेपाच्या तबकड्या करणारा कॅलिफोर्नियातला मोठा कारखाना २०२० च्या फेब्रुवारीत जळाला आणि त्यानंतर जगाची सारी भिस्त जपानमधल्या एका छोट्या कारखान्यावर आली.

टेपच्या मशीनला तिथे वाचणारी दोन डोकी असतात. टेप आधी पहिल्या डोक्यासमोरून जाते. ते यंत्राला आगाऊ वर्दी देते, की थाप येते आहे, सरी लांब घे. थोड्या वेळाने तीच टेप दुसऱ्या डोक्यासमोर येते आणि तो आवाज कोरला जातो. पुढे जाऊन मुक्कामाची जागा बघून येणारा आपला माणूस असतो ना, तसेच. आणि हे सगळे वीस मिनिटे न थांबता. मध्ये थांबता येत नाही, खोडता येत नाही. एक अभंग कोरला जात असताना दुसऱ्या अभंगाची बटणे लावून ठेवायची, दोन अभंगांमधल्या शांततेत खटकन बदलायचे. एकोणिसाव्या मिनिटाला हात चुकला तर ती तबकडी टाकून नवी घ्यायची. कोरणाऱ्याच्या हाताला घाम असतो आणि चेहरा दगडाचा. कोरून झाले की मधल्या रिकाम्या जागेत काहीजण आपली दोन अक्षरे सुईने कोरून ठेवत. नाव तेवढेच.

अशा दोन अक्षरांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९६९ साली अमेरिकेत बॉब लुडविग या तरुणाने लेड झेपेलिन या इंग्रज मंडळींचा दुसरा तवा कोरला. ढोल आणि गिटार जसे होते तसे, पूर्ण जोरात. ऐकणारे खूश. पण कंपनीच्या एका मालकाच्या मुलीच्या घरी स्वस्तातले यंत्र होते. त्यावर सुई उडाली. कंपनी घाबरली, तो तवा मागे घेतला आणि सौम्य करून पुन्हा कोरला. लुडविगने ही हकीकत स्वतः सांगितली आहे. त्याच्या अक्षरांचे ते पहिले तवे आज लोक मोठी किंमत देऊन शोधतात. मला त्यात दोन्ही बाजू खऱ्या दिसतात. एका पोरीच्या यंत्रासाठी हजारोंचे ऐकणे उणे करायचे का? पण स्वस्त यंत्रावर ऐकणारी ती एकटी थोडीच होती.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. तव्याची बाहेरची सरी एका फेऱ्यात साधारण ९० सेंटीमीटर चालते आणि आतली, शेवटची, चाळीसही नाही. वेळ दोघींना सारखाच, १.८ सेकंद. वीस मिनिटांची एक बाजू सरळ पसरली तर सुमारे ४३० मीटर भरते. माळकऱ्याला हे अंतर काहीच नाही, पण सुईला या वाटेवर पुढे पुढे जागा कमी मिळत जाते. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबायचा, म्हणून शेवटी टीप चेंगरते आणि जोराचा आवाज फाटतो. म्हणून शहाणे लोक बाजूच्या शेवटी शांत गाणे ठेवतात.

आपले भजन मात्र याच्या बरोबर उलटे जाते. सुरुवात सावकाश, विण्याचा झंकार, एकटा गळा. मग चाल धरते, मग लय वाढते, पावली पडू लागते, आणि शेवटी गजर. चाळीस टाळ, मृदंग, सगळे गळे. जिथे तवा सगळ्यांत दुबळा होतो तिथेच आपली दिंडी सगळ्यांत जोरात असते. या अडचणीवर तव्यांनी काढलेली तोड म्हणजे गजर कापणे, नाहीतर बटण खाली आणत तो विरवून टाकणे. लहानपणापासून आपण रेडिओवर अभंग असे विरत जाताना ऐकले. तळावर कधी गजर विरलेला पाहिलात का? चोपदार चोप उंचावतात आणि एका क्षणात सगळे थांबते. लाखांच्या जमावात सुई पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. ती शांतताही गजराचाच भाग आहे.

इथे माझ्या चुकीची गोष्ट येते. १९८० नंतर कॅसेटचे दिवस आले. कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकते, रुंदी चार मिलिमीटरही नाही. तिच्या अंगातच सतत 'स्स' असा आवाज. १९८४ साली दिंडीने वर्गणी काढून कॅसेट करायचे ठरवले आणि १९७४ ची टेप माझ्याकडे दिली. मी दहा वर्षांचा अनुभवी, डोक्यात हवा. स्टुडिओतल्या चांगल्या यंत्रांवर मी टेपची नक्कल घेतली. इक्वलायझरवर टिपेचे बटण खाली केले, टाळ गोड झाले. गजर विरवला. आणि समाजआरतीच्या आधी जे काही होते ते 'चूक' म्हणून कात्रीने कापून जोड मारला.

काय कापले होते? त्या संध्याकाळी तरडगावच्या तळावर चोप वर गेला, सगळ्या दिंड्या शांत झाल्या आणि एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. ती आपली दिंडी. आपल्याला ठाऊकच आहे, ज्या दिंडीची काही तक्रार असते ती चोप वर गेल्यावरही टाळ थांबवत नाही. मग चोपदार विचारतात, तक्रार ऐकली जाते, आणि तेव्हा टाळ थांबतात. आपल्या दिंडीतली एक म्हातारी आई लोणंदपासून चुकली होती. दोन मिनिटे आपले टाळ एकटे वाजत होते. मग टेपवर लांबून पुकारा ऐकू येतो. हिरवे लुगडे, हातात पितळी तांब्या, गावाचे नाव. आई दुसऱ्या दिवशी फलटणला सापडल्या आणि त्यानंतर नऊ वाऱ्या चालल्या.

कॅसेट घेऊन मी बाबांकडे गेलो. त्यांनी सगळी ऐकली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमची तक्रार कापलीस व्हय रं?" एवढेच. रागावले नाहीत. कॅसेट पाचशे निघाल्या, घरोघरी गेल्या, अजूनही कोणाकोणाकडे आहेत. मूळ स्पूलला मी कात्री लावली नव्हती, नकलेला लावली होती, एवढ्याच पुण्याईवर आज हा लेख लिहितो आहे.

आता या वेळी काय केले ते. पोरांना घेऊन ते स्पूल मुंबईत एका जुन्या ओळखीच्या खोलीत नेले. तिथे स्पूलचे मशीन अजून चालू आहे आणि व्हॉल्व्हची दोन-तीन यंत्रेही. टेपला पावसाळ्यांची बुरशी होती, ती कोरड्या मऊ कापडाने सावकाश काढली. मग वाचणाऱ्या डोक्याचा कोन जुळवला. हा कोन केसभर चुकला तरी टीप मरते. साधारणपणे तो यंत्राच्या काट्यावर बघून लावतात. आम्ही टाळावर लावला. डोळे मिटून स्क्रू फिरवत गेलो, आणि एका ठिकाणी एकेक टाळ सुटा झाला. आपला मंगळवेढ्याकडचा जड टाळ तिथे ओळखू आला, त्याचा नाद इतरांपेक्षा खाली लागायचा.

आधी काहीही न करता, खरखरीसकट, जशीच्या तशी एक प्रत उतरवून ठेवली. मगच हात लावला. मृदंगासाठी खालचा घुमारा किंचित वर घेतला. गजरात लिमिटरचा काटा जेमतेम हलेल एवढाच आवर घातला. टाळाला हात लावला नाही. माझ्या तरुणपणीच्या अडाणीपणामुळे मशीनवर आवाज जास्त घेतला गेला होता, त्यामुळे गजरात टेप थोडी फाटते. तरी टेप फाटते ती बोथट होत फाटते, कानाला टोचत नाही. ते तसेच ठेवले आहे.

पोरांपैकी एकाने विचारले, "काका, एवढं करायचं तर मग जुन्या यंत्रांचीच काय गरज? संगणकात त्यांच्या नकला मिळतात." मिळतात, आणि चांगल्या असतात. मी त्याला म्हटले, नक्कल वापर, माझी हरकत नाही. फरक एवढाच की त्या खोलीत वीस मिनिटांचे काम वीस मिनिटे बसून ऐकावेच लागते. तुझ्या संगणकाने माझी टेप चाळीस सेकंदांत साफ केली, आणि त्या चाळीस सेकंदांत ती कोणीच ऐकली नाही. तो हसला. नंतर त्यानेच दोन्ही प्रती दिंडीतल्या आयाबायांना ऐकवल्या, कुठली कुठली ते न सांगता. तुळस डोक्यावर घेऊन चालणाऱ्या आमच्या एका मावशींनी साफ केलेली प्रत अर्ध्यावर थांबवली. "हे आपलं नव्हं, रेडिओचं हाय," म्हणाल्या.

एक मतभेद उरला आहे, तो लपवत नाही. तरुणांचे म्हणणे, मोबाईलवर ऐकणारेच जास्त, आणि मोबाईलवर बाबांचे शब्द खरखरीत बुडतात, तेव्हा हरिपाठाची थोडी साफ केलेली प्रतही द्यावी. लेड झेपेलिनवाल्या त्या मुलीचीच ही गोष्ट. मी मान्य केले, पण हरिपाठापुरतेच. गजर, चोप, त्यानंतरचे टाळ आणि पुकारा यांना कोणी हात लावायचा नाही, असे बैठकीच्या वहीत लिहून घेतले आहे.

शेवटी सर्व माळकरी मंडळींना विनंती. कोणाच्या घरी जुने स्पूल, तवे, कॅसेट असतील तर ते चालू होतात का हे बघायला वाजवू नका. बुरशीची टेप एकदा मशीनमध्ये अडकली की सोलून निघते. स्पूल गुंडाळून नीट करायलाही जाऊ नका. पेटीत आडवे रचू नका, पुस्तकासारखे उभे ठेवा. रेडिओ, स्पीकर यांच्या शेजारी नको, त्यांच्या लोहचुंबकाने टेप पुसते. तवा धुवायचा झाला तर लाखेच्या तव्याला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. डब्यावर लिहिलेली चिठ्ठी, कितीही फाटकी असो, टाकू नका. आषाढीच्या प्रस्थानाआधी दिंडीच्या कोठीघरात आणून द्या. पावती मिळेल आणि वस्तू परत मिळेल. १९८४ ची कॅसेट ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती ठेवावी. तिच्या बदल्यात नवी प्रत घेऊन जावी. समाजआरतीच्या अगोदर दोन मिनिटे टाळ ऐकू येतील, मग पुकारा, मग शांतता. ती शांतता सतरा सेकंदांची आहे, मी मोजली.

रामकृष्ण हरी.